ऑनलाइन विकायला निश कशी निवडायची? नेहमी येणारे प्रश्न आणि माझी उत्तरं

हे प्रश्न मला मेसेजमध्ये इतक्यांदा येतात की शेवटी म्हटलं एकदाच नीट लिहून टाकावं. मी डावखुऱ्या लोकांसाठीच्या वस्तू ऑनलाइन विकते, कात्र्या, पट्ट्या, वह्या असलं. त्याआधी मोबाइल कव्हर विकून झाले आणि त्यात आपटलेही. त्यामुळे खालचं बरंचसं आपटून शिकलेलं आहे.

निश म्हणजे नक्की काय? छोटा धंदा का?

नाही. मूळ फ्रेंच शब्द आहे आणि त्याचा अर्थ चक्क कोनाडा. भिंतीतला कोनाडा असतो ना, एकच वस्तू नीट बसेल एवढा, तसं. म्हणजे बाजाराच्या भल्यामोठ्या भिंतीत तुमची वस्तू बरोब्बर बसेल अशी जागा. कोनाडा लहान असतो, पण त्यात ठेवलेली वस्तू लगेच दिसते आणि तीच वस्तू भरल्या कपाटात ठेवली तर शोधत बसावं लागतं.

मात्र एक गोष्ट लोक हमखास चुकतात. "स्टेशनरी" ही निश नाही, "कात्री" हीसुद्धा नाही, "डावखुऱ्यांची कात्री" ही झाली निश, कारण आता त्यात माणूस आला. नुसती वस्तू म्हणजे निश नव्हे, कोणाला कुठल्या वेळी कशाची अडचण होते ते सगळं धरून निश होते.

आणि हे ऑनलाइनमुळेच जमतं. लंडनमध्ये १९६८ साली फक्त डावखुऱ्यांच्या वस्तूंचं एक दुकान निघालं होतं, ते २००६ मध्ये बंद झालं, पण धंदा ऑनलाइन चालूच राहिला. जगात साधारण दहातला एक माणूस डावखुरा असतो, आता एका रस्त्यावरून जाणाऱ्यांत असे किती आणि त्यातल्या कितींना त्याच दिवशी कात्री हवी असणार? ऑनलाइन मात्र ज्याला हवीय तो स्वतःच शोधत येतो.

पण सगळ्यांना सगळं विकलं तर विक्री जास्त होणार नाही का?

मलाही असंच वाटायचं. अॅमेझॉन आज सगळं विकतं, पण १९९५ च्या जुलैमध्ये साइट उघडली तेव्हा फक्त पुस्तकं होती. ती काढणाऱ्या जेफ बेझोसने आधी वीसेक वस्तूंची यादी केली होती आणि त्यातून पुस्तकं उचलली. कारणं बघा किती साधी आहेत: लाखो वेगवेगळी पुस्तकं छापलेली असतात, तेवढी कुठल्याच दुकानात मावत नाहीत, पार्सल करायला सोपी, सहसा फुटत नाहीत आणि एकाच पुस्तकाच्या दोन प्रतींत फरक नसतो त्यामुळे हातात न धरता घेता येतं. म्हणजे ज्याच्याकडे पुढे जगभरचा माल आला त्यानेही सुरुवातीला एकच कोनाडा धरला होता, आणि आपण पहिल्या दिवसापासून घड्याळं, उशा, चष्म्याच्या डब्या सगळं एकत्र टाकतो आणि मग म्हणतो ऑर्डर का येत नाहीत.

आयडियाच सुचत नाही, सुरुवात कुठून करू?

वस्तू शोधत बसू नका, वैतागलेला माणूस शोधा. हे मी सगळ्यांना सांगते आणि सगळ्यांना ते फार सोपं वाटतं म्हणून कोणी करत नाही.

करायचं असं. कुठल्याही मार्केटप्लेसवर, म्हणजे अॅमेझॉनसारख्या अनेकांचा माल विकणाऱ्या साइटवर जा, तुम्हाला थोडंफार कळतं अशी एक कॅटेगरी उघडा आणि रिव्ह्यू वाचा, पण पाच स्टारवाले नको आणि एक स्टारवालेही नको. पाचवाले "मस्त आहे" एवढंच लिहितात, एकवाल्यांचा राग बहुतेक वेळा कुरिअरवर असतो. तीन स्टारवाले वाचा. तिथे माणूस म्हणतो, वस्तू चांगलीय पण... आणि त्या "पण" नंतर जे येतं ना त्यात तुमचा धंदा आहे. "बॅग चांगलीय पण माझी उंची कमी आहे, पट्टा सगळ्यात आखूड करूनही लोंबतो." झालं, कमी उंचीच्या लोकांसाठी बॅगा. एक वही करा, असे पन्नास "पण" उतरवून काढा, त्यात तीच तक्रार पाच-सहा वेगवेगळ्या लोकांकडून आली की तिथे थांबा.

दुसरी जागा म्हणजे छंदवाल्यांचे ग्रुप. फिशटँक ठेवणारे, विणकाम करणारे, जुने कॅमेरे वापरणारे, ही मंडळी आपल्या अडचणींवर तासन्‌तास बोलतात आणि मुख्य म्हणजे जुगाड करतात. लोक जिथे रबरबँड आणि टेप लावून काहीतरी जमवून घेतायत तिथे एक वस्तू कमी आहे असं समजायचं. ग्रुपमध्ये लगेच विकायला जाऊ नका हं, आधी महिनाभर नुसतं ऐका, नाहीतर पहिल्याच दिवशी बाहेर काढतील आणि बरोबरच करतील.

त्या विषयाची स्वतःला आवड असलीच पाहिजे का?

असली तर बरं, नसली तरी चालतं, पण कुतूहल पाहिजे. मी डावखुरी नाही, माझी मुलगी आहे. मला कात्रीचं काडीचं प्रेम नव्हतं, पण ती कागद कापायचा सोडून घडी घालून फाडायची ते बघून प्रश्न पडला आणि मग त्यात शिरले. उलट नुसती आवड असेल तर एक धोका असतो, तुम्ही स्वतःला आवडतं ते भरता आणि गिऱ्हाईक दुसरंच मागत असतं.

मागणी आहे का नाही ते आधी कसं कळणार?

पहिलं म्हणजे सर्चच्या चौकटीत अर्धं वाक्य टाईप करा आणि खाली काय काय सुचवलं जातं ते बघा. ते लोकांनी खरोखर शोधलेलं असतं. "कात्री" नंतर "डाव्या हाताची", "लहान मुलांची", "न टोचणारी" असं येत असेल तर प्रत्येक शेपटी ही एक निश असू शकते.

दुसरं गूगल ट्रेंड्स, म्हणजे एखादा शब्द कधी किती शोधला गेला ते रेषेने दाखवणारं गूगलचं साधन. फुकट आहे, २००६ पासून आहे, पण लोक ते चुकीचं वाचतात. त्यात ० ते १०० आकडा दिसतो तो लोकांचा आकडा नव्हे! तुम्ही निवडलेल्या काळात त्या शब्दाची सगळ्यात वरची पातळी जिथे होती तिला १०० धरतात आणि बाकी सगळं त्याच्या प्रमाणात. म्हणजे १०० दिसलं म्हणून नाचायचं नाही, १०० म्हणजे महिन्याला दोनशे लोकही असू शकतात. खरा अंदाज हवा तर गूगलच्या कीवर्ड प्लॅनरमध्ये महिन्याच्या सर्चचा आकडा बघा, तोही ढोबळच मिळतो पण निदान हजार का लाख ते कळतं.

ट्रेंड्समध्ये मी फक्त रेषेचा आकार बघते, तोही पाच वर्षांचा लावून. फिजेट स्पिनर, ते बोटावर फिरवायचं खेळणं, टाकून बघा (त्याच्यासाठी काळ २०१७ येईल एवढा मागे न्या), २०१७ च्या मध्यावर सुळका आणि मग धाडकन खाली. ज्यांनी त्या सुळक्याच्या टोकावर माल मागवला त्यांच्याकडे तो पोचेपर्यंत बाजार उठला होता. दर वर्षी त्याच महिन्यात डोंगर दिसत असेल तर तो सीझन, त्यात वाईट काही नाही पण बाकीचे महिने काय खाणार ते ठरवा. आणि बुटकी, कंटाळवाणी, पाच वर्षं जवळजवळ सपाट रेषा दिसली तर माझा जीव तिच्यात अडकतो.

कॉम्पिटिशन अजिबात नाही अशी निश शोधू ना?

मिळाली तर आधी घाबरा. कोणीच विकत नाही याचं कारण बहुतेक वेळा कोणी घेत नाही हेच असतं.

थोडी कॉम्पिटिशन पाहिजे, पण आळशी पाहिजे. सर्च केल्यावर वर येणारी पहिली दहा लिस्टिंग, म्हणजे वस्तूंची विक्रीची पानं, उघडा. दहातल्या सात जणांनी सप्लायरचाच फोटो जसाच्या तसा लावलाय, माप कुठे दिलेलं नाही, गिऱ्हाईकाने विचारलेल्या प्रश्नाला वर्षभर उत्तर नाही, असं असेल तर तिथे शिरायला जागा आहे. दहाच्या दहा लिस्टिंग देखण्या, प्रत्येकीला हजारो रिव्ह्यू, व्हिडिओ, सगळं चकाचक, तर नवख्या माणसाने तिथे डोकं आपटू नये. त्याच्याच आत आणखी बारीक कोनाडा मिळतो का ते बघावं.

इतकी विचित्र वस्तू कोण घेणार असं घरचे म्हणतात.

ईबे या ऑनलाइन लिलावाच्या साइटची गोष्ट ऐकवा त्यांना. १९९५ मध्ये साइट सुरू झाली तेव्हा तिथे विकली गेलेली पहिली वस्तू होती एक बिघडलेला लेझर पॉइंटर, १४.८३ डॉलरला. साइट काढणाऱ्या पिएर ओमिड्यारने घेणाऱ्याला विचारलं की बाबा हा बिघडलेला आहे, कळतंय ना? तो म्हणाला, मी बिघडलेले लेझर पॉइंटरच जमवतो.

अर्थात यावरून लगेच बिघडलेले पॉइंटर विकायला घेऊ नका, तो एकच माणूस होता.

मग निश किती छोटी चालेल?

उलटा हिशोब करा. महिन्याला तुम्हाला हातात किती पैसे हवेत, त्याला एका ऑर्डरमागे सुटणाऱ्या पैशाने भागा, एवढ्या ऑर्डरी हव्यात. साइटवर आलेल्या शंभरातले दोन विकत घेतात असं धरलं तर त्या ऑर्डरींच्या पन्नासपट माणसं यायला हवीत. आता कीवर्डचा आकडा बघा. महिन्याला सहाशे लोकच शोधत असतील आणि तुम्हाला दहा हजार हवेत तर कोनाडा नाही, ती फट आहे.

केविन केली या लेखकाने २००८ मध्ये कलाकारांसाठी एक हजार खऱ्या चाहत्यांचा हिशोब मांडला होता, की एवढे लोक दर वर्षी तुमचं काही ना काही घेत राहिले तर पोट भरतं. मला तो विचार पटतो, पण त्यातला "दर वर्षी" हा शब्द विसरू नका. एकदा घेतली की दहा वर्षं टिकणारी वस्तू विकत असाल तर तेच हजार लोक परत येणार नाहीत. म्हणून मी कात्रीबरोबर वह्या ठेवल्या, उजवीकडे स्पायरल असलेल्या. कात्री एकदाच जाते, वही संपते.

मार्जिन किती धरू?

इथे जरा वेळ द्या कारण निश चांगली निघूनही माणूस इथेच बुडतो.

विक्री किंमत १०० धरा. समजा माल ३० ला पडला, मार्केटप्लेसचं कमिशन १५, पॅकिंग ४, कुरिअर १२, अॅडवर १५. बेरीज ७६, उरले २४. छान. आता शंभर ऑर्डरींमध्ये दहा रिटर्न आले. प्रत्येक रिटर्नमागे जायचं कुरिअर १२, यायचं १२, पॅकिंग ४ आणि अॅडचे १५, म्हणजे ४३ गेले, वर त्यातले निम्मे पीस परत विकण्यासारखे राहत नाहीत. हे सगळं धरलं की ते २४ घसरून १६ च्या आसपास येतात, आणि यात तुमचा वेळ कुठेच धरलेला नाही. माझा ढोबळ नियम असा की मालाची किंमत विक्रीच्या एक तृतीयांशाच्या वर जात असेल तर ती वस्तू सोडून द्यायची, कितीही आवडली तरी.

कुरिअरचं एक वेगळं सांगते. बऱ्याच कुरिअर कंपन्या नुसतं वजन बघत नाहीत, आकारमानाचं वजन काढतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक ठिकाणी ५००० ने भागायचं, जे जास्त भरेल त्याचे पैसे. म्हणजे ४० × ३० × २० चा खोका, आत उशी, खरं वजन ९०० ग्रॅम, पण बिल लागणार ४.८ किलोचं. ओळखीतल्या एकीचा पाठीच्या उशांचा धंदा याच एका भागाकाराने बसला. वस्तू ठरवायच्या आधी खोका मापा.

कुठल्या वस्तू नवख्याने टाळाव्यात?

काच. साइज लागणारे बूट-कपडे, कारण रिटर्न. लिथियम बॅटरीवाल्या, कारण त्या पाठवायचे नियम कडक आहेत. त्वचेला लावायच्या किंवा पोटात जायच्या, त्यात परवाने आणि जबाबदारी दोन्ही येतात. कार्टूनचं किंवा दुसऱ्या ब्रँडचं चित्र असलेल्या, एक तक्रार गेली की लिस्टिंग बंद. आणि मोबाइल कव्हर, हे मी वैयक्तिक दुःखातून सांगतेय. मॉडेल बदललं की माल मेला. माझ्या पलंगाखाली अजून एक खोका आहे, त्यातल्या कव्हरचे फोन आता कोणाकडेच नाहीत.

माल न भरता टेस्ट कशी करायची?

झॅपोस या ऑनलाइन बूट विकणाऱ्या कंपनीवाल्यांनी केली तशी. १९९९ मध्ये निक स्विनमर्नला बघायचं होतं की लोक बूट ऑनलाइन घेतील का. त्याने गोदाम वगैरे काही घेतलं नाही, दुकानांत जाऊन बुटांचे फोटो काढले, साइटवर टाकले आणि ऑर्डर आली की त्याच दुकानातून बूट विकत घेऊन पाठवून दिले. एका जोडामागे काय सुटत होतं हा प्रश्नच नव्हता, लोक पैसे देतायत का एवढंच बघायचं होतं. दहा वर्षांनी, २००९ मध्ये, अॅमेझॉनने ती कंपनी घेतली.

तुम्ही एवढं करा: दहा-पंधरा पीस, चांगले फोटो, एक लिस्टिंग, थोडी अॅड. ते पीस अनोळखी लोकांनी पूर्ण किमतीला घेतले पाहिजेत. मावशी, वहिनी आणि कॉलेजच्या मैत्रिणीने घेतलेले मोजायचे नाहीत! आणि "आवडेल का तुम्हाला?" असं विचारून सर्व्हे करू नका, सगळे हो म्हणतात, हो म्हणायला पैसे पडत नाहीत.

तुमचं सगळ्यात मोठं काय चुकलं?

ऐंशी कात्र्या. सप्लायरने फोटो पाठवले, त्यावर ठसठशीत "डावखुरी" लिहिलेलं, हँडलला अंगठ्याची जागा डाव्या हातासारखी, मी सॅम्पल न मागवता थेट ऐंशी पीस उचलले कारण तेवढ्यावर सूट होती. पहिल्या सहा ऑर्डरींतल्या दोन परत आल्या. तिसऱ्या बाईंनी परत नाही पाठवली, पण मेसेज केला, "ताई, मूठ डावी आहे पण पातं उजवंच आहे."

मला आधी कळेचना. मग दोन कात्र्या शेजारी ठेवून बघितल्या. साधी कात्री टोकं समोर करून धरली की उजवीकडचं पातं वर असतं, उलटीसुलटी कशीही फिरवा, वर उजवंच. खऱ्या डावखुऱ्या कात्रीत डावं पातं वर असतं. फरक नुसता दिसण्याचा नाही. कापताना आपला अंगठा नकळत बाहेर ढकलतो आणि बोटं आत ओढतात, त्याने पाती एकमेकांवर दाबली जातात आणि कागद कापला जातो. तीच कात्री डाव्या हातात गेली की बळ उलटं लागतं, पाती फाकतात आणि कागद मध्येच दुमडतो, शिवाय कापायची रेघ वरच्या पात्याखाली लपते. माझी मुलगी कागद का फाडायची ते मला त्या दिवशी कळलं, धंदा सुरू करून तीन महिने झाल्यावर.

सप्लायर म्हणाला, मॅडम हँडल बघा ना डावंच आहे. पैसे गेले. पण ते चित्र, दोन कात्र्या शेजारी आणि कुठलं पातं वर ते बाणाने दाखवलेलं, मी लिस्टिंगवर टाकलं आणि सगळ्यात जास्त विक्री त्या एका चित्राने केली. कारण बाकीचेही तीच खोटी डावखुरी कात्री विकत होते, बहुतेक त्यांनाही माहीत नव्हतं.

मार्केटप्लेस की स्वतःची वेबसाइट?

आधी मार्केटप्लेस, तिथे गर्दी तयार असते. ओळखीची गिऱ्हाइकं झाली की स्वतःची साइट. अशी साइट उभारायचं सॉफ्टवेअर देणाऱ्या शॉपिफायची सुरुवातसुद्धा अशीच एका छोट्या कोनाड्यातून झाली होती, २००४ मध्ये टोबी ल्युट्केला ऑनलाइन स्नोबोर्ड विकायचे होते, हवं तसं सॉफ्टवेअर मिळेना म्हणून त्याने स्वतः लिहिलं आणि २००६ मध्ये तेच विकायला काढलं. तुम्हाला मात्र सॉफ्टवेअर लिहायची गरज नाही, त्यात सहा महिने घालवू नका.

ड्रॉपशिपिंग करू का, म्हणजे ऑर्डर आली की सप्लायरनेच माल थेट गिऱ्हाईकाला पाठवायचा?

टेस्टपुरतं ठीक. कायमचं नको, माल तुमच्या हातातूनच जात नाही, मग पातं वर आहे का खाली ते कळणार कसं?

दुकानाचं नाव निशवरून ठेवू का?

अगदी चिकटून नको. "डावी कात्री" असं ठेवलं असतं तर वह्या विकताना पंचाईत झाली असती. घेण्याआधी ट्रेडमार्क शोधून बघा, त्यात वस्तू आणि सेवांचे मिळून ४५ वर्ग असतात, तुमच्या वर्गात ते नाव कोणी घेतलंय का ते बघा.

निश चुकली हे कधी मान्य करायचं?

आकडा आधीच लिहून ठेवा, मन शांत असताना. मी लिहिलं होतं, चार महिने किंवा ठरवलेले पैसे, जे आधी संपेल ते. नंतर ठरवायला गेलं की माणूस "अजून एक महिना" करत राहतो.

पण बंद करायच्या आधी कुठे अडतंय ते बघा. लोक येतच नसतील तर मागणी नाही किंवा तुम्ही लिस्टिंगवर चुकीचे शब्द लिहिलेत. मी सुरुवातीला "वामहस्त" लिहिलं होतं, काय सांगू, आयुष्यात कोणी ते टाईप करत नाही. येतात पण घेत नाहीत, तर फोटो, किंमत किंवा विश्वास यातलं काहीतरी. घेतात आणि परत करतात, तर मालातच खोट आहे. आणि घेतात, खूश आहेत, पण तुमच्या हातात काही उरत नाही, तर वरचा मार्जिनवाला प्रश्न परत वाचा.

विक्री सुरू झाली, आता पुढची वस्तू कुठून आणू?

गिऱ्हाईकच सांगतं. मी प्रत्येक पार्सलमध्ये एक चिठ्ठी टाकते, "अजून कशाचा त्रास होतो?" एवढंच. पट्टी त्यातूनच आली, आकडे उजवीकडून डावीकडे जाणारी, कारण डाव्या हाताने रेघ ओढताना साध्या पट्टीवरचे आकडे हाताखाली जातात. मागच्या आठवड्यात एका आजोबांची चिठ्ठी आली, त्यांना शार्पनर हवाय, पेन्सिल उलट्या दिशेने फिरवली की टोक निघेल असा. तीन सॅम्पल मागवलेत. या वेळी तीनच.